दर्शनी बाजू आणि वारसा : सॅन फ्रान्सिस्कोतील ‘पेंटेड लेडीज’ या गृहरांगेची वास्तुसमीक्षा

प्रास्ताविक

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को या शहरात स्टायनर स्ट्रीटवर, अलामो स्क्वेअर या उद्यानासमोर, लाकडी घरांची एक रांग उभी आहे. उतरत्या छपरांची, फिकट पण वेगवेगळ्या रंगांत रंगवलेली ही घरे ‘पेंटेड लेडीज’ या नावाने जगभर ओळखली जातात. पोस्टकार्डे, दिनदर्शिका आणि चित्रपट यांतून त्यांची प्रतिमा इतकी पसरली आहे की, या रांगेला ‘पोस्टकार्ड रो’ असेही म्हटले जाते. १९८७ ते १९९५ या काळात प्रसारित झालेल्या ‘फुल हाऊस’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकदृश्यातही ती दिसते. व्हिक्टोरियन काळाच्या अखेरीचे नागरी घर म्हटले की, अनेकांच्या डोळ्यांसमोर हीच रांग येते.

एखाद्या वास्तूला इतकी प्रसिद्धी लाभली की तिच्याविषयीची ठरावीक विधाने प्रचलित होतात आणि ती तपासली जात नाहीत. या घरांबाबतही असेच झाले आहे. प्रत्येक घराचे वेगळेपण, जुन्या कारागिरांचे हस्तकौशल्य आणि जपलेले मूळ रंग ही या रांगेच्या सौंदर्याची तीन कारणे सांगितली जातात. प्रस्तुत लेखात या तिन्ही विधानांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. ही रांग सुंदर आहे, याविषयी प्रस्तुत लेखिकेचा वाद नाही. तथापि तिच्या सौंदर्याची सांगितली जाणारी कारणे आणि खरी कारणे यांत तफावत आहे. या तफावतीमुळे ‘वारसा’ या संकल्पनेचे आपले आकलन अपुरे राहते, हे येथे मांडावयाचे आहे.

रांगेचे स्वरूप

स्टायनर स्ट्रीटवरील ७१० ते ७२० या क्रमांकांची सहा घरे मॅथ्यू कॅव्हनॉ या बांधकाम व्यावसायिकाने १८९२ ते १८९६ या काळात बांधली. शेजारचे ७२२ क्रमांकाचे मोठे घर त्याने स्वतःच्या निवासासाठी १८९२ मध्ये बांधले होते. ते धरून या समूहाला ‘सेव्हन सिस्टर्स’, म्हणजे सात बहिणी, असेही म्हणतात. कॅव्हनॉने ही सहा घरे विशिष्ट कुटुंबाच्या मागणीवरून बांधली नव्हती. ती विक्रीसाठी, बाजाराचा अंदाज घेऊन बांधलेली होती. त्यामुळे त्यांचा मूळ आराखडा जवळजवळ एकच आहे. समोर उंच चढाचे छप्पर आणि त्याचा त्रिकोणी दर्शनी भाग, म्हणजे गेबल. एका बाजूला भिंतीतून पुढे आलेली खिडकी, म्हणजे बे-विंडो. दुसऱ्या बाजूला पायऱ्या चढून गेल्यावर लागणारी प्रवेशाची देवडी. आणि या सर्वांखाली रस्त्याच्या पातळीवरचा तळमजला. हीच मांडणी सहा वेळा पुन्हा येते.

वेगळेपणाचे विधान येथेच अडखळते. घराघरांत जो फरक दिसतो तो मुख्यतः रंगांचा आणि काही किरकोळ तपशिलांचा आहे. एकेक घर रांगेतून वेगळे काढून पाहिले, तर ते त्या काळच्या सॅन फ्रान्सिस्कोतील मध्यमवर्गीय घराचा एक चांगला पण सर्वसाधारण नमुना ठरेल. या शहरात १८४९ ते १९१५ या काळात व्हिक्टोरियन आणि त्यानंतरच्या एडवर्डियन शैलीची सुमारे ४८,००० घरे बांधली गेली, असा अंदाज दिला जातो. त्यांत याहून अधिक अलंकृत आणि अधिक धाडसी रचनेची घरे होती, आजही आहेत.

मग या सहा घरांकडेच दृष्टी का खिळते? याचे उत्तर रांगेच्या रचनेत सापडते. पहिली गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. समान आकाराचे सहा त्रिकोण समान अंतराने येतात आणि त्यातून एक लय निर्माण होते. दुसरी गोष्ट उताराची. रस्ता उतरता असल्यामुळे प्रत्येक घर शेजारच्या घरापेक्षा थोडे खाली बसते. त्यामुळे पुनरावृत्ती यांत्रिक न होता पायरीपायरीने सरकत जाते. तिसरी गोष्ट समोरच्या मोकळ्या जागेची. दाट वस्तीच्या शहरात घरांची रांग सहसा अरुंद रस्त्यावरून, तिरक्या कोनातूनच पाहता येते. येथे मात्र समोर चढती हिरवळ आहे आणि पाहणाऱ्याला पुरेसे दूर जाऊन पूर्ण रांग एका दृष्टिक्षेपात सामावता येते. चौथी गोष्ट पार्श्वभूमीची. रांगेच्या मागे शहराच्या मध्यभागातील उंच इमारती दिसतात. १९७२ मध्ये पूर्ण झालेला ट्रान्सअमेरिका पिरॅमिड त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. लाकडी त्रिकोणांच्या मागे काँक्रीटचा निमुळता सुळका, असा हा विरोध आहे.

या चार घटकांपैकी फक्त पहिला कॅव्हनॉच्या हातचा आहे. उतार निसर्गाचा, उद्यान नगररचनेचे आणि पार्श्वभूमी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची. म्हणजेच ज्या दृश्याला आपण ‘व्हिक्टोरियन’ म्हणतो, ते दृश्य व्हिक्टोरिया राणीच्या काळात अस्तित्वातच नव्हते.

शैलीच्या नावाचा प्रश्न

वास्तुकलेच्या इतिहासात ही घरे ‘क्वीन ॲन’ शैलीत मोडतात. ॲन राणीचा राज्यकाल १७०२ ते १७१४ असा होता. तिच्या काळातील वास्तुकलेशी या घरांचा संबंध अगदी क्षीण आहे. इंग्लंडमध्ये १८७० च्या दशकात रिचर्ड नॉर्मन शॉ आणि त्याच्या समकालीन वास्तुविशारदांनी जुन्या इंग्लिश घरांतील निरनिराळे घटक एकत्र आणून जी शैली रूढ केली, तिला हे नाव मिळाले. शॉची घरे प्रामुख्याने विटांची होती. अमेरिकेत येईपर्यंत नाव तेच राहिले, पण द्रव्य बदलले आणि रूपही बदलले. पश्चिम किनाऱ्यावर ती लाकडाची झाली.

नावांचा हा घोटाळा येथेच थांबत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील व्हिक्टोरियन घरांचे स्थूलमानाने तीन टप्पे मानले जातात. १८७० च्या दशकात इटालियन धर्तीची ‘इटालियानेट’, १८८० च्या दशकात उभ्या-आडव्या पट्ट्यांवर भर देणारी ‘स्टिक-ईस्टलेक’ आणि १८९० च्या दशकात ‘क्वीन ॲन’. यांतील ईस्टलेक हे नाव चार्ल्स लॉक ईस्टलेक या इंग्रज लेखकावरून आले. त्याने गृहसजावटीत साधेपणाचा आणि प्रामाणिक कारागिरीचा पुरस्कार केला होता. कॅलिफोर्नियात आपल्या नावावर जी अतिअलंकृत घरे उभी राहत होती, ती पाहून त्याने १८८० च्या दशकाच्या आरंभी जाहीर नापसंती व्यक्त केली. ज्याचे नाव शैलीला मिळाले, त्यानेच ती शैली नाकारली, असे उदाहरण वास्तुकलेच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ही नावे घराच्या वंशावळीपेक्षा घराच्या बाजाराविषयी अधिक सांगतात. जुन्या इंग्लंडची आठवण करून देणारे नाव नव्या शहरातील नव्या गिऱ्हाइकाला प्रतिष्ठा देत होते. १८४८ च्या सुवर्णशोधानंतर काही वर्षांत उभ्या राहिलेल्या शहराला भूतकाळ हवा होता आणि बांधकाम व्यावसायिक तो पुरवत होते.

अलंकार आणि यंत्र

आता कारागिरीच्या विधानाकडे वळू. गेबलवर माशांच्या खवल्यांसारख्या कापलेल्या लाकडी चकत्या, देवडीला कातीव खांब, छपराच्या कडेला नक्षीच्या पट्ट्या, असा या घरांचा साज आहे. तो पाहिला की सुताराच्या हाताची आठवण होते. वस्तुस्थिती वेगळी आहे. उत्तर कॅलिफोर्नियाच्या जंगलांतून रेडवूडचे लाकूड मोठ्या प्रमाणावर येत होते आणि वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांत ते कापले, कातले आणि कोरले जात होते. खांब, कंस, पट्ट्या, चकत्या हे सर्व तयार माल म्हणून मिळत असे. बांधकाम व्यावसायिक नमुन्यांच्या पुस्तकांतून आणि सूचिपत्रांतून निवड करी आणि सुतार तो माल दर्शनी भिंतीवर ठोकून बसवी. सॅम्युअल आणि जोसेफ कॅदर न्यूसम या वास्तुविशारद बंधूंनी अशी नमुन्यांची पुस्तके १८८० च्या दशकात प्रसिद्ध केली होती.

घराचा सांगाडाही याच औद्योगिक व्यवस्थेचा होता. जाड तुळयांची खाचा-कुसवांची जोडणी मागे पडून, पातळ कापीव लाकडांना खिळे मारून उभारलेला हलका सांगाडा रूढ झाला होता. त्याने बांधकाम स्वस्त आणि जलद झाले. भूकंपप्रवण प्रदेशात विटांपेक्षा लाकूड अधिक लवचीक ठरते, हेही त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण होते.

या शहरातील बहुसंख्य भूखंड सुमारे २५ फूट रुंदीचे, खोलवर गेलेले होते. शेजारची घरे एकमेकांना खेटून उभी असत. परिणामी बाजूच्या भिंतींना शोभेची गरज नव्हती आणि मागची भिंत रस्त्यावरून दिसत नव्हती. सर्व अलंकार समोरच्या एका भिंतीवर एकवटले. बे-विंडोमुळे अरुंद खोलीला उजेड तर मिळेच, शिवाय भूखंडाच्या मर्यादेबाहेर थोडी जागाही मिळे. आत गेल्यावर एका कडेने जाणारा लांब बोळ आणि त्याच्या बाजूला एकामागे एक खोल्या, अशी सामान्यतः रचना असे. म्हणजे घराची आतली मांडणी काटकसरीची आणि बाहेरचे रूप उधळपट्टीचे. मराठी वाचकाला परिचित असलेला वाडा नेमका याच्या उलट आहे. वाडा रस्त्याकडे बंद भिंत करतो आणि आपले सौंदर्य आतल्या चौकासाठी राखून ठेवतो. सॅन फ्रान्सिस्कोचे घर आपले सर्वस्व रस्त्याला देते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अडॉल्फ लूससारख्या वास्तुविशारदांनी अलंकरणावर कठोर हल्ला चढवला आणि त्यानंतरच्या आधुनिकतावादी समीक्षेने अशा घरांना खोटेपणाचा दोष दिला. यंत्राने केलेला अलंकार हाताने केल्यासारखा भासवणे, दर्शनी भागाने घराच्या साधेपणावर पांघरूण घालणे, ही अप्रामाणिकता आहे, असा तो आक्षेप. हा आक्षेप पूर्णपणे मान्य करता येत नाही. आपल्या काव्यशास्त्रात अलंकाराची परीक्षा तो कोठून आला यावर होत नाही. तो योग्य ठिकाणी आला आहे का, यावर होते. क्षेमेंद्राने यालाच औचित्य म्हटले. या कसोटीवर कॅव्हनॉची रांग बरीचशी उतरते. येथे खवल्यांची नक्षी गेबलच्या त्रिकोणात येते, कातीव खांब देवडीचे छत पेलतात, पट्ट्या दोन मजल्यांची सीमा दाखवतात. अलंकार रचनेच्या सांध्यांवर बसलेला आहे. यंत्रामुळे तो स्वस्त झाला आणि एरवी फक्त श्रीमंतांच्या हवेल्यांना शोभणारा थाट मध्यमवर्गीय घराला परवडू लागला. १९७६ मध्ये कॅरल ओल्वेल आणि ज्युडिथ लिंच वॉल्डहॉर्न यांनी या शहरातील व्हिक्टोरियन घरांवर पुस्तक केले, तेव्हा त्याला ‘अ गिफ्ट टू द स्ट्रीट’, म्हणजे ‘रस्त्याला दिलेली भेट’, असे नाव दिले. दर्शनी बाजूचे याहून नेमके समर्थन करणे कठीण आहे.

सारांश, ही कारागिरी सुताराच्या हाताची कमी आणि गिरणीची व निवडीची अधिक आहे. तिचे मोलही त्या निवडीत शोधले पाहिजे.

रंगांचा इतिहास

तिसरे विधान रंगांविषयी आहे. आज जे रंग दिसतात ते मूळ रंग आहेत, असा पर्यटकांचा सर्वसाधारण समज असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शहरात भडक रंगांची घरे नव्हती असे नाही. त्यांच्याविरुद्ध नाराजीचा सूर त्या काळीही उमटला होता. परंतु पुढे दोन महायुद्धांच्या काळात आणि नंतर बहुतेक घरे करड्या किंवा एकाच फिक्या रंगात बुडाली. नौदलाचा शिल्लक राहिलेला करडा रंग त्यासाठी वापरला गेला, असे सांगितले जाते. अनेक घरांच्या दर्शनी भागावरील नक्षी उखडून त्यावर गिलावा किंवा ॲस्बेस्टॉसच्या पट्ट्या बसवल्या गेल्या. घर ‘आधुनिक’ करणे म्हणजे ते सपाट करणे, अशी त्या वेळची धारणा होती.

१९६३ मध्ये बुच कार्डम या कलावंताने आपल्या इटालियानेट घराला निळ्या आणि हिरव्या रंगांच्या गडद छटा दिल्या. प्रारंभी त्यावर टीका झाली, नंतर शेजाऱ्यांनी अनुकरण केले. त्यातून रंगसंगती ठरवून देणाऱ्या कलावंतांची एक चळवळच उभी राहिली. ‘पेंटेड लेडीज’ हे नाव त्याहूनही अलीकडचे आहे. एलिझाबेथ पोमाडा आणि मायकेल लार्सन यांच्या १९७८ मधील पुस्तकाने ते रूढ केले. तीन किंवा अधिक रंगांनी अलंकरणाचे तपशील उठावदार केलेले घर, असा त्याचा अर्थ आहे.

म्हणजेच आज जपला जाणारा रंग हा १८९० च्या दशकाचा नसून १९६० नंतरच्या सॅन फ्रान्सिस्कोचा आहे. यात कमीपणा नाही. उलट, एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या वास्तूवर केलेले हे भाष्य आहे आणि ते समर्पक आहे. कारण रंगांनी नक्षीचे तपशील पुन्हा वाचनीय केले. मात्र त्याला ‘मूळ’ म्हणणे चूक आहे. नावाविषयीही एक शंका नोंदवणे आवश्यक वाटते. ‘पेंटेड लेडी’ हा इंग्रजीतील शब्दप्रयोग चेहरा रंगवणाऱ्या स्त्रीसाठी, बहुधा कुत्सितपणे, वापरला जात असे. या नावातून घर म्हणजे पाहण्याची वस्तू, चेहरा म्हणजेच संपूर्ण व्यक्ती, असे गृहीत धरले जाते. घरात कोण राहते, हा प्रश्न या नावात उरत नाही.

जे उरले आणि जे पाडले गेले

हा प्रश्न विचारल्याशिवाय या रांगेची समीक्षा पूर्ण होत नाही. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीने शहराचा मोठा भाग भस्मसात केला आणि सुमारे २८,००० इमारती नष्ट झाल्या. व्हॅन नेस ॲव्हेन्यूवर इमारती सुरुंगांनी उडवून आग रोखण्याचे प्रयत्न झाले आणि तिच्या पश्चिमेकडील ‘वेस्टर्न ॲडिशन’ हा परिसर बव्हंशी वाचला. अलामो स्क्वेअर याच परिसरात आहे. आगीनंतर निराश्रित झालेल्यांचा लोंढा येथे आला, मोठी घरे लहान-लहान बिऱ्हाडांत विभागली गेली आणि हळूहळू परिसराचे सामाजिक स्वरूप बदलले. येथे जपानी वंशाच्या लोकांची वस्ती वाढली. फेब्रुवारी १९४२ मधील अध्यक्षीय आदेशानंतर त्यांना छावण्यांत हलवण्यात आले. युद्धकाळात जहाजबांधणीच्या कामासाठी आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना शहरात इतरत्र घर मिळणे दुरापास्त होते. ती या परिसरात स्थिरावली. १९४० मध्ये शहरातील कृष्णवर्णीयांची संख्या पाच हजारांहून कमी होती, ती १९५० पर्यंत चाळीस हजारांच्या वर गेली. फिलमोर स्ट्रीट हा जॅझ संगीतासाठी प्रसिद्ध असा त्यांचा बाजाररस्ता झाला.

हाच परिसर शहराच्या पुनर्विकास यंत्रणेने ‘गलिच्छ वस्ती’ ठरवला. १९५० च्या दशकात पहिला आणि १९६० च्या दशकात दुसरा, असे दोन प्रकल्प राबवले गेले. गीअरी स्ट्रीट रुंद करण्यात आला. हजारो कुटुंबे विस्थापित झाली आणि सुमारे अडीच हजार व्हिक्टोरियन घरे पाडली गेली, असे सांगितले जाते. रहिवाशांनी संघटना उभारून न्यायालयात धाव घेतली. १९६८ मध्ये मनाई हुकूम मिळालाही, पण पुढे तो उठला. परत येण्यासाठी दिलेल्या प्राधान्यपत्रांचा प्रत्यक्ष लाभ फार थोड्यांना झाला.

येथे दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. ऐतिहासिक वास्तूंच्या संरक्षणासाठी शहराने सल्लागार मंडळ स्थापन केले ते १९६७ मध्ये. म्हणजे ज्या वर्षांत त्या शहराने आपला वारसा जपण्याची व्यवस्था निर्माण केली, त्याच वर्षांत अलामो स्क्वेअरपासून काही गल्ल्यांच्या अंतरावर त्याच शैलीची, त्याच लाकडाची, त्याच गिरण्यांच्या नक्षीची घरे जमीनदोस्त होत होती. १९७१ मध्ये वास्तुवारशासाठी काम करणारी संस्था स्थापन झाली आणि १९७४ मध्ये तिच्या पुढाकाराने पुनर्विकास क्षेत्रातील बारा व्हिक्टोरियन घरे उचलून चाकांवरून दुसऱ्या जागी नेण्यात आली. त्या घरांत राहणाऱ्यांचा समुदाय मात्र असा उचलून नेता आला नाही. अलामो स्क्वेअरला ऐतिहासिक क्षेत्राचा दर्जा १९८४ मध्ये मिळाला.

पाडलेली घरे आणि जपलेली घरे यांत वास्तुकलेच्या दृष्टीने मूलभूत फरक नव्हता. फरक पाहण्याच्या दृष्टीत होता. एका ठिकाणी यंत्रणेने घराची पडझड आणि त्यातील रहिवासी पाहिले आणि घराचे रूप पाहिले नाही. दुसऱ्या ठिकाणी रूप पाहिले आणि रहिवाशांचा विचार केला नाही. दोन्ही निर्णयांत घर आणि त्यातील जीवन यांची ताटातूट समान आहे. १९६० च्या दशकात ज्या घरांना परिसराचे दैन्य मानले गेले, तशाच घरांतील बिऱ्हाड आज सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. मूळचे मध्यमवर्गीय घर वारसा ठरताच मध्यमवर्गासाठी उरले नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. या रांगेचे सौंदर्य घरांच्या वेगळेपणात नसून त्यांच्या साम्यात, उताराने त्या साम्याला दिलेल्या गतीत आणि समोरच्या मोकळ्या जागेत आहे. म्हणून संरक्षणाचा विचार एका घरापुरता न करता रांग, उतार आणि उद्यान यांचा एकत्रित करावा लागतो.

२. तिचे अलंकरण हस्तकौशल्याचे स्मारक नाही. ते औद्योगिक उत्पादनाने मध्यमवर्गाला उपलब्ध करून दिलेल्या शोभेचा उत्तम दस्तऐवज आहे आणि औचित्याच्या कसोटीवर ते समर्थनीय आहे.

३. तिचे रंग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचे आहेत. एकच वास्तू अनेक काळांची निर्मिती असू शकते, हे मान्य करणे ‘मूळ’ रूपाच्या हट्टापेक्षा इतिहासाला अधिक धरून आहे.

४. केवळ दर्शनी बाजूवरून ठरवलेला वारसा अपुरा असतो. शेजारी जे पाडले गेले, त्याच्या नोंदीशिवाय जे उरले त्याचा अर्थ लागत नाही.

वास्तूचे मूल्यमापन करणारा समीक्षक बहुधा उद्यानाच्या हिरवळीवर, म्हणजे छायाचित्र घेणाऱ्याच्या जागी उभा असतो. त्या जागेवरून रांग सर्वांत सुंदर दिसते, यात शंका नाही. परंतु तेथून फिलमोर स्ट्रीट दिसत नाही. त्या जागेवरून उठून काही गल्ल्या पलीकडे चालत जाणे आणि तेथे आज नसलेल्या घरांचाही हिशेब ठेवणे, ही समीक्षेची जबाबदारी आहे. जुन्या पेठांतील कोणते घर राखावे आणि कोणते जाऊ द्यावे, याचा निर्णय जेथे जेथे करावा लागतो, तेथे दर्शनी बाजूबरोबर दाराआडच्या जीवनाचीही नोंद घेतली गेली, तरच वारसा हा शब्द सार्थ ठरेल.